दीड एचपी गेली कुठे?

(घाटनांदूर येथील बैठकीत केलेले भाषण, छापण्यापुरते आवरून)



पत्रकावर आमचा विषय 'विजेचा हिशेब' असा छापला आहे. मांडवात शिरताना एका बाबांनी आम्हाला अडवून विचारले, "बिल तर माफ झालं, आता हिशेब कशाचा?" प्रश्न रास्त आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज, अशी योजना राज्य सरकारने काढली. बिल शून्य आले. पण मोटार जळाली तर ती भरून आणायचे पैसे कोण देतो? बोअरमधून मोटार काढायला कप्पी आणि माणसे लागतात, ती फुकट येतात काय? आणि त्या आठ-दहा दिवसांत उसाचे जे वाळते, ते कुठल्या योजनेत बसते?

म्हणून आज बिलाची गोष्ट नाही. या शिवारातल्या एका मोटारीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण गोष्ट भावकीची आहे.

पाच एचपीची पाणबुडी मोटार एका हंगामात दोनदा जळाली. पहिल्या वेळी दुकानदार म्हणाला, वाइंडिंग हलके होते. दुसऱ्या वेळी लाइनमन म्हणाला, मोटारच हलकी आहे. घरचे म्हणाले, शेजारचा रात्री आकडा टाकतो, त्याच्यामुळे आमचा व्होल्टेज पडतो. शेजारी म्हणजे चुलतभाऊ. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवली. चार माणसांची चार मते, आणि एकानेही मोजले नव्हते.

आम्ही परभणीला शेतकी शिकलो. पिकाला पाणी किती लागते याची कोष्टके पाठ केली. पण ते पाणी ज्या तारेतून येते तिचे गणित तिथे कोणी शिकवले नाही. ते आम्ही संघटनेच्या कामात, शेतकऱ्यांच्या बांधावर, एका वायरमनकडून शिकलो. तसे ते आपल्या पोरांच्या शाळेच्या पुस्तकात आहे. ओहमचा नियम म्हणतात त्याला. जॉर्ज ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवणारा मास्तर. त्याने १८२७ साली हे पुस्तकात छापले, तर शहाण्या लोकांनी आधी फार मनावर घेतले नाही आणि बिचाऱ्याने नोकरी सोडली. असो.

नियम पाण्यावरून सांगतो, कारण पाणी आपल्याला कळते. उंचावर हौद आहे, त्याला पाइप जोडला आहे. हौदाची उंची म्हणजे व्होल्ट. पाइपातून वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर. पाइप किती बारीक, किती लांब, आत किती शेवाळ, ही जी अडवणूक, तो रोध. तो ओहममध्ये मोजतात. उंची जास्त तर पाणी जास्त, अडवणूक जास्त तर पाणी कमी. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध निघतो. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट, म्हणजे काम करण्याची ताकद. ७४६ वॅट म्हणजे एक एचपी.

घरातली इस्त्री घ्या. पाटीवर लिहिलेले असते २३० व्होल्ट, १००० वॅट. हजाराला २३० ने भागा, ४.३५ अँपिअर आले. आता २३० ला ४.३५ ने भागा, जवळजवळ ५३ ओहम रोध आला. हा ५३ आकडा इस्त्रीच्या आतल्या तारेचा आहे, तो फारसा बदलत नाही. आता व्होल्टेज पडून १६० झाला. १६० भागिले ५३, तीन अँपिअर. १६० गुणिले तीन, ४८० वॅट. व्होल्ट गेले तीस टक्के आणि ताकद गेली निम्म्याहून जास्त, कारण व्होल्ट उतरले तसे अँपिअरही उतरले. कपडे ताठ होत नाहीत, पण इस्त्री जळत नाही.

मोटारीचे उलटे आहे. इथेच आपली माणसे फसतात. वरच्या टाकीत पाणी चढवायचे काम तिच्यावर लादलेले आहे. व्होल्टेज कमी झाला म्हणून विहिरीची खोली कमी होत नाही. ती काम सोडत नाही, जास्त अँपिअर ओढून तेच काम करायला बघते. गड्याची भाकरी कमी केली आणि काम तेच ठेवले तर जे होते ते. पाच एचपीची मोटार ४०० व्होल्टवर ९ अँपिअर घेत असेल, तर ३२० व्होल्टवर तेवढ्याच कामाला सव्वाअकरा अँपिअर लागतील. आणि वाइंडिंगमध्ये उष्णता तयार होते ती अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले रोध, अशी. अँपिअर दोनदा येतो, हे लक्षात ठेवा. ९ चे सव्वाअकरा झाले म्हणजे अँपिअर सवापट, पण उष्णता दीडपटीहून जास्त. वाइंडिंगवरच्या आवरणाचा ढोबळ ठोकताळा असा की दर दहा अंश जास्त तापले तर आयुष्य निम्मे. आता सांगा, मोटार हलकी होती की व्होल्टेज?

एक खुलासा करतो, नाहीतर शिकलेली पोरे आम्हाला धरतील. मोटारीच्या बाबतीत व्होल्ट भागिले अँपिअर केले की जो आकडा येतो तो तारेचा नुसता रोध नव्हे. बंद मोटारीचे वाइंडिंग मीटरने मोजले तर काही थोडे ओहमच भरते. चालू मोटार फिरते तेव्हा आतले चुंबक प्रवाहाला उलटे रेटते, म्हणून प्रवाह आटोक्यात राहतो. मोटार गाळात अडकली किंवा व्होल्टेज इतका कमी की फिरतच नाही, नुसती घुमते, तर ते रेटणे नसते आणि पाच-सहापट अँपिअर घुसतात. घुमणारी मोटार मिनिटभरही ठेवू नये ते यासाठी. दुसरे, तीन फेजच्या मोटारीचे वॅट काढताना व्होल्ट, अँपिअर, १.७३ आणि पॉवर फॅक्टर असे चार आकडे गुणायचे. ४०० गुणिले ९ गुणिले १.७३ गुणिले ०.८, म्हणजे पाच हजार वॅटच्या आसपास. त्यातले पाऊण कामाला लागले की पाच एचपी. पॉवर फॅक्टर म्हणजे काय? बैल नाकासमोर न ओढता जरा तिरका ओढतो, जोर पूर्ण लागतो पण गाडी तेवढी पुढे जात नाही, ते. कपॅसिटर त्या बैलाला सरळ करतो. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर स्टार्टरपाशी लावला तर तारेतले ९ अँपिअर साडेसातच्या आसपास येतात. आपल्याकडे हे डबे निम्म्या ठिकाणी फुगलेले किंवा तोडून टाकलेले दिसतात.

आता त्या मोटारीकडे येऊ. दिवसपाळीचा आठवडा होता. वायरमन, आम्ही आणि दोन पोरे. एक मल्टिमीटर डीपीजवळ, एक स्टार्टरजवळ, मधे मोबाइल. शिवाय एक टाँग टेस्टर, जो तारेभोवती चिमट्यासारखा धरला की तार न तोडता अँपिअर दाखवतो. मोटार बंद असताना दोन्हीकडे ३७६ व्होल्ट. मोटार चालू केली. डीपीजवळ ३७२, आणि त्याच क्षणी स्टार्टरजवळ ३१३. अँपिअर ११.

डीपी आणि विहिरीमध्ये ५९ व्होल्ट गायब. आकडा टाकणारा कोणी असता तर त्याने डीपीचाही व्होल्टेज पाडला असता. तिथे तर चारच उतरले. हे ५९ याच माणसाच्या स्वतःच्या केबलमध्ये मुरत होते. एका तारेचा वाटा काढायला ५९ ला १.७३ ने भागले, ३४ आले. ३४ भागिले ११ अँपिअर, म्हणजे ३.१ ओहम. ही केबलची अडवणूक.

मग ती किती असायला हवी होती? केबल ॲल्युमिनियमची, सहा स्क्वेअर एमएम, लांबी चारशे मीटर. ॲल्युमिनियमचे गणित सोपे आहे: मीटरमधली लांबी गुणिले ०.०२८, भागिले स्क्वेअर एमएम. तांब्याला ०.०१७५ धरा. चारशे गुणिले ०.०२८ भागिले सहा, १.८७ ओहम. पुस्तक १.८७ म्हणते आणि मीटर ३.१ म्हणतो. मधले सव्वा ओहम कुणाचे?

केबलवरून चालत गेलो. तीन जोड सापडले. लिंबाखालचा जोड खताच्या पिशवीने गुंडाळलेला, आत पांढरी भुकटी झालेली. ११ गुणिले ११ गुणिले ०.४ केले तर अठ्ठेचाळीस वॅट, आणि तेही अंगठ्याएवढ्या जागेत, प्रत्येक तारेवर, प्रत्येक जोडात. सोल्डरिंगची इस्त्री याहून कमी वॅटची असते. एका जोडाला तर माती भाजून तपकिरी झाली होती. आणि सगळ्या केबलचा हिशेब केला, तीन तारा गुणिले १२१ गुणिले ३.१, तर सव्वाअकराशे वॅट. दीड एचपी! पाच एचपीची मोटार, आणि दीड एचपी रोज बांधाच्या मातीला. दोन वेळा मोटार भरली, चुलतभावाशी वैर घेतले, आणि चोर लिंबाखाली.

नवी केबल घ्यायला त्या वेळी पैसे नव्हते. लाइन बंद करून तिन्ही जोड कापले, ॲल्युमिनियमच्या फेरूल घालून दाबले, वर नीट टेप. पुन्हा मोजले: स्टार्टरवर ३३८ व्होल्ट, १०.४ अँपिअर. पंचवीस व्होल्ट फेरूलच्या खर्चात परत आले. दहा स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर रोध १.१२ वर येतो आणि आणखी तेरा-चौदा व्होल्ट मिळतात. ती पुढच्या हंगामात टाकायची ठरली.

इथे थांबलो असतो तर आम्ही कंपनीचे वकील ठरलो असतो. सगळी चूक शेतकऱ्याची! पण मीटर दोन्हीकडे बोलतो. डीपीजवळच ३७२ व्होल्ट होते. १९५६ च्या वीज नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्याला सहा टक्क्यांची खालीवर सूट होती आणि मोजपट्टी आजही सहा टक्क्यांचीच आहे. ४१५ चा पुरवठा धरला तर किमान ३९०, ४०० चा धरला तर किमान ३७६. कुठलाही धरा, ३७२ खालीच आहे. हे विहिरीच्या केबलचे पाप नव्हते. म्हणून टाँग टेस्टर डीपीच्या तारांना लावला.

डीपी ६३ केव्हीएची. ६३ हजाराला ४३३ आणि १.७३ ने भागा, एका तारेला ८४ अँपिअर ही तिची पूर्ण ताकद. मीटरने दाखवले ११८. आम्ही पोरांना सगळ्या विहिरींवर पिटाळले. बारा मोटारी चालू होत्या, बारांचे अँपिअर मांडून बेरीज केली, ११६ आली. म्हणजे आकड्याचा संशयही तिथेच संपला. जे जात होते ते बारा स्टार्टरमधूनच जात होते.

आणि आता कडू बोलतो, रागावू नका. त्या डीपीवर तेरा कनेक्शने. कागदावर आठ तीन एचपीची, पाच पाच एचपीची. बेरीज ४९ एचपी. ४९ एचपीला ६३ केव्हीएची डीपी जवळजवळ पुरते. पण विहिरीत उतरून पाहिले तर तेराही मोटारी पाच एचपीच्या. ६५ एचपी. सोळा एचपी आपणच कागदावरून लपवली होती, कारण मीटर नसलेल्या पंपांचे बिल एचपीवर लागायचे आणि तीन लिहिले की कमी लागायचे. त्या काळी ते समजण्यासारखे होते. पिकाला भाव नाही, आणि बिल मात्र वीज आली न आली तरी एचपीवर! पण वाचवलेले पैसे कुठे गेले? मोटार भरणाऱ्याच्या दुकानात. आज तर साडेसातपर्यंत सगळेच शून्य आहे. पाचाचे तीन लिहून आता एक रुपयासुद्धा वाचत नाही, उलट मोठी डीपी मागायला गेलो की कागद आपल्याच तोंडावर मारला जातो, "तुमचा मंजूर भार ४९ एचपी, डीपी पुरेशी आहे."

त्या तेरांपैकी अकरा जणांनी खरी एचपी लिहून अर्ज दिला. सोबत चार दिवसांचे आकडे जोडले: तारीख, वेळ, डीपीचा व्होल्ट, अँपिअर. दोघे अजून तयार नाहीत. भीती वाटते, उद्या सरकार बदलले आणि मागची वसुली लावली तर? त्या भीतीला आमच्याकडे पक्के उत्तर नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. जादा डीपी अजून आलेली नाही.

तोवर काय? ऑटो स्विच. लाइन आली की बारा मोटारी एका दमात सुरू. सुरू होताना एक मोटार पाचपट अँपिअर ओढते, म्हणजे ८४ च्या डीपीवर क्षणभर पाचशेच्या वर. फ्यूज उडतो, मग कोणीतरी शहाणा तिथे जाड तार बांधतो, मग पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीच जाते, आणि पुन्हा वर्गणी, ट्रॅक्टर, खेपा. त्यांनी ऑटो स्विच काढले आणि दोन गट केले, सहा आणि सात. आठ तासांतले चार-चार तास. सात मोटारींचे अँपिअर ८४ च्या बऱ्यापैकी आत. डीपीवरचा व्होल्टेज ३९१ वर गेला. ज्यांचा ऊस आहे ते कुरकुरतात, त्यांना चार तास पुरत नाहीत, आणि त्यांचे खरे आहे. पण त्यानंतर त्या डीपीवर अजून मोटार जळालेली नाही.

मागून विचारले कोणी, "हे एवढे व्होल्ट पडतात तर परळीची वीज इथवर येतेच कशी?" चांगले विचारले. परळीचे केंद्र इथून जवळ, अडीचशे मेगावॅटचे तीन संच. तिथल्या एका संचाची वीज ४१५ व्होल्टवर पाठवायची ठरवली तर साडेतीन लाख अँपिअर तारेत घालावे लागतील. तसली तार जगात नाही. २२० हजार व्होल्टवर तेच काम साडेसहाशे अँपिअरमध्ये होते. अँपिअर दोनदा येतो म्हटले ना, त्यामुळे जास्त व्होल्ट, कमी अँपिअर आणि फारच कमी नासाडी. २०१८ पासून राज्यात उच्चदाब प्रणालीवर शेतीपंप जोडले, ११ हजार व्होल्टची तार थेट विहिरीजवळ आणि एक-दोन शेतकऱ्यांना एक छोटी डीपी, त्यामागे हेच गणित. आपली पाच एचपी ११ हजारावर अँपिअरचा तिसरा हिस्सा घेते. ज्यांची विहीर डीपीपासून पाऊण किलोमीटर आहे त्यांनी जाड केबलवर पैसे घालण्याआधी ही मागणी लावून धरावी. आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद पडले होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. वीज काय आणि पाणी काय, दोन्ही आपल्या शिवारातूनच जातात, आपल्याला मिळतात कधी ते वेगळे.

शेवटी कामाचे. डीपीच्या पेटीत हात घालणे हे आपले काम नाही. चारशे व्होल्टला दुसरी संधी नसते. मोजायचे ते वायरमनला सोबत घेऊन, पाय कोरडे, चप्पल पायात, आणि जोडाला हात लावायचा तर लाइन बंद झाल्याची स्वतः खात्री करून. बायाबापड्या रात्री दारे धरायला जातात, त्यांनाही हे सांगा. उघड्या जोडावर पाय पडतो तो बहुधा त्यांचाच.

वहीत पाच रकाने पाडा: तारीख-वेळ, डीपीचा व्होल्ट, स्टार्टरचा व्होल्ट, अँपिअर, केबलची लांबी आणि जाडी. मोटार चालू आणि बंद, दोन्ही वेळचे आकडे हवेत, एकट्याचा उपयोग नाही. संघटनेचा टाँग टेस्टर सध्या स्टेशनाकडच्या वस्तीवर आहे. एका डीपीला तीन दिवस मिळेल, चौथ्या दिवशी पुढच्या डीपीवर पोचवायचा. सेल आपले आपण घालायचे. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या, ३७६ च्या खाली किती डीपी आहेत ते एका कागदावर मांडू आणि तो कागद घेऊन मग जायचे कुठे ते तिथेच ठरवू.